एकशे चाळीस

मल्लेशम गुर्रम, वय सदुसष्ट.
फाइलवर लिहिलंय : दम लागतो, जिना चढवत नाही,
पेसमेकर बसवून तीन महिने.
तो म्हणतो, "मशीन बसलं,
सेटिंग बसलं नाही."

मे महिना. सात रस्त्यावर डांबर मऊ झालंय
आणि माझ्या खोलीत जेली इतकी गार
की गडी दचकतो.
डाव्या कुशीवर वळवते त्याला,
बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवते.

प्रत्येक ठोक्याला दोन शिखरं उमटावीत :
एक, रक्त आपसूक उतरतं त्याचं,
दुसरं, वरचा कप्पा शेवटचा घोट ढकलतो त्याचं.
इथे दुसरं अर्ध्यात कापलेलं.

मी समजावू लागते. वरचा कप्पा, खालचा,
त्यांच्यामधला थांबा, तो फार तोकडा...
तो हात वर करतो.
तीस वर्षं जॉबर होता, अक्कलकोट रोडला, चादरीच्या मागांवर.
"म्हणजे धोटा अजून आत
आणि ताण्याचं तोंड मिटतंय."

हो.
मला हे कळायला दोन वर्षं लागली होती.

कंपनीचा शिवानंद प्रोग्रामर घेऊन पायथ्याशी.
शंभर मिलिसेकंद. एकशे वीस.
मल्लेशम पडद्याकडे बघतच नाही,
डोळे मिटून डॉपलरची खसखस ऐकतो.
"इंका कोंचम," पुटपुटतो,
अजून थोडं,
जणू पाना त्याच्याच हातात आहे.
एकशे चाळीस. एकशे साठ. एकशे ऐंशीला
दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात.
"आता सैल झालं. मागं घे."

मग रक्त बाहेर पडतं त्या वाटेवर मोजते.
आधी चौदा होतं, एकशे चाळीसला सोळा.
दोनचा फरक. एवढा तर
माझ्या मनगटाच्या कलण्यानेही पडतो,
म्हणून श्वास धरायला लावून पुन्हा मोजते,
पाच-पाच ठोके, सरासरी.
सोळाच.
शिवानंद जपून ठेवतो आकडा.

"किती दिवस टिकेल?"
सहा महिन्यांनी या, म्हणते. जिना चढून बघा तोवर.
"मागसुद्धा एकदा लावून सुटका नसायची, तस्नीमबाई.
हवा बदलली की सूत बदलतं."

छातीवरची जेली पुसायला टॉवेल देते.
तो पुसत नाही लगेच,
उजेडाकडे धरून काठ चाचपतो,
बोटांनी दोन धागे ताणतो :
"सोलापूरचा नाही हा.
कुठून घेता?"