साडेसातीला जरा कमी

व्होल्गा गोठली आहे, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत.
तिसऱ्या मजल्यावर रिम्मा कुझ्मिनिच्ना
मोरचुदाच्या पाण्यात पोलादाची जाळी सोडते
आणि विजेला म्हणते, हळू.

तांबं येतं. अणूला अणू लागतो.
घाई नसली की त्याला पाचाची हौस येते.
कुठल्याही गवंड्याला विचारा,
पंचकोनी फरशा एकमेकींना भिडत नाहीत.
तांब्याच्याही पाच फाका एका कण्याभोवती बसतात
आणि फेरा पुरा व्हायला सात अंश उरतात.
सात, वर थोडं.
साडेसातीला जरा कमी, मी म्हणाले.
शनीची गोष्ट तिला समजावून सांगितली.
ती म्हणाली, आमच्याकडे तो नुसता ग्रह आहे.

फट दिसत मात्र नाही.
पाचही जणी ती वाटून घेतात, अंग ताणून,
दातओठ खाऊन.
वरून कण कसा चकचकीत, पैलू पाडल्यासारखा.

मग चारशे अंशांची भट्टी. साधी हवा. एक रात्र.
सकाळी पडद्यावर काळी लव उठलेली,
ऑक्साइडची कुसळं,
केसाचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी.
आतलं तांबं त्या वाटेनं निघून गेलेलं,
पोटात पोकळी.
'रडून मोकळा झाला,' रिम्मा म्हणते,
आणि लगेच मोजपट्टी लावते.

तिचा बाप मोटारींना दारं बसवायचा, सत्तावीस वर्षं.
एका जानेवारीत, उणे एकतीस,
गॅरेजचं दार ओढून घेऊन इंजिन गरम करत बसला.
शेजारच्या फरीतनं पहारीनं कुलूप तोडलं.
वाचला. तीन आठवडे ठणठणीत होता.
मग एका सकाळी लेकीला
बायकोच्या नावानं हाक मारली:
ल्यूस्या, चहा.
तेव्हापासून ती ल्यूस्या.
चहा देते.

आज नळीतून तोच वायू सोडायचा,
ना रंग, ना वास.
चिमूटभर भुकटी, पण तिचा पृष्ठभाग उलगडला
तर खोलीभर सतरंजी होईल.
एकेक रेणू कुसळावर टेकतो,
तिथला एक ऑक्सिजन उचलतो
आणि निरुपद्रवी होऊन जातो.
कुसळ तेवढं उणं पडतं,
हवेतून भरून घेतं,
पुन्हा उणं पडतं.

एकशे चाळीसला काही नाही.
एकशे साठला काही नाही.
एकशे अठ्ठ्याहत्तरला रेघ खाली वाकली.
मी टाळी वाजवणार होते.
रिम्मानं वहीत आकडा लिहिला, तारीख लिहिली,
तारीख खोडून नीट लिहिली.

खिडकीच्या वरची झडप, फोर्तोच्का म्हणतात इथं,
ती बारा महिने उघडीच ठेवते.
माझ्या बोटांना कळा लागतात. मी बोलत नाही.

फोन वाजला.
'हो, ल्यूस्याच बोलतेय,' ती म्हणाली.
'किल्ली माझ्याकडेच आहे. नाही,
गाडी विकली आपण. कधीच विकली.'