उजवा स्पीकर

हार्टलीबाईंचा निरोप दाराच्या फटीतून आला,
गॅसच्या बिलामागे, पेन्सिलनं:
तुला त्या वायरलेसमधलं कळतं ना?
वायरलेस म्हणजे त्यांच्या लेखी रेडिओच,
पण मी गेले.

बर्नलीतल्या या घरांच्या भिंती दगडी, हातभर रुंद,
वायफाय स्वयंपाकघरातच दमतं.
म्हणून निळी केबल ओढत आणली
जिन्याखालून, मीटरच्या मागून,
कुत्र्याच्या पांघरुणाखालून.
कुत्रं जाऊन दोन वर्षं झाली, पांघरूण आहे.

ॲम्प्लिफायर अठ्ठ्याहत्तर सालचा,
दोन्ही अंगांना लाकूड, पुढे ॲल्युमिनियम,
मागे धूळ अशी की बोटानं नाव लिहावं.
ऑक्सची खोबण तुटलेली.
सीडी हा शब्द तेव्हा जन्मायचा होता.
उरली टेपची.
लाल पिन लाल भोकात, पांढरी पांढऱ्यात.
साबणाच्या वडीएवढा नवा डबा,
जगातली सगळी गाणी म्हणे त्याच्यात,
आणि ती सगळी आता ‘टेप’ या नावानं या घरात येणार,
जशी मी ‘मिनी’ या नावानं येते.
मृण्मयी त्यांच्या दातांत अडकतं.

पहिल्याच सुरानं कपाटातल्या बशा उडाल्या.
नव्याचा दम जास्त, जुन्याला सोसेना.
फोनमधला आवाज निम्म्यावर आणला,
मग मोठं बटण हळूच फिरवलं.
ते खरखरलं,
खाकरून घसा मोकळा केला
आणि गाऊ लागलं.
पण एकाच बाजूनं.

उजव्या स्पीकरवर फर्नची कुंडी,
कुंडीखाली बशी, बशीखाली क्रोशाचा रुमाल.
मी वायर तपासली. पिनांची अदलाबदल केली.
गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात
अर्धा तास, मग दिसलं:
बॅलन्सचं बटण पार डावीकडे,
वरून चिकटपट्टी, पिवळी पडून काचेसारखी झालेली.
नखानं सोलली. बटण मधोमध आणलं.

त्यांनी सांगितलेली तबकडी शोधली,
ॲम्प आणला त्याच शनिवारी, बाजारातल्या गाळ्यावरून आणलेली.
मूळची माळ्यावर आहे, ओल लागून वाकडी.
इथे चार अक्षरं टाइप केली तोच वर आली.
डावीकडे ड्रम, डावीकडेच गाणारी बाई,
आणि दुसऱ्या कडव्याच्या अलीकडे
फर्नची पानं थरथरली.
क्लॅरिनेट.

हार्टलीबाई ट्रे घेऊन दारातच थांबल्या.
“हा कोण?” म्हणाल्या,
कुणी न विचारता आत यावं तसं.

चहा निवत असताना सांगितलं.
क्लिफर्डचा उजवा कान मागावर गेला, तिशीच्या आतच.
त्याला नाही ऐकू येत ते मला तरी कशाला?
पट्टी त्यानं नाही, मी लावली.
पहिल्याच रात्री.

मी गप्प. आमच्या इचलकरंजीत
जेवताना सगळेच ओरडून बोलायचे,
पाहुण्यांना वाटायचं, घरात वाद पेटलाय.
बाबांनी मीठ मागितलं की चार घरांत कळायचं.
मागांच्या खटखटीत वाढलेली आम्ही,
कुजबुज आम्हाला परीक्षेच्या हॉलमध्ये भेटली.
हे इंग्रजीत कुठून सुरू करावं?
“आमच्या गावीही माग आहेत,” एवढंच म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि त्यानंतर त्या जरा मोठ्यानं बोलू लागल्या.

गाणं संपलं. फोननं आपल्याच मनानं
दुसरं लावलं, हेही तुम्हाला आवडेल म्हणत.
बाईंनी ॲम्पच बंद केला.
खटका जड, घरभर ऐकू गेला.
मग दोन बोटांनी बटण डावीकडे नेलं,
सवयीनं, न बघता.

आज नको, म्हणाल्या.
बुधवारी ये.
तोवर कुंडीला दुसरी जागा बघते.