सत्तावीस नंबर

दुलुथच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या स्वेटरवर चिकटवलेला कागद: सत्तावीस.
शाळेच्या स्वयंपाकघरातून तीन दिवसांची रजा काढलेली,
पिशवीत विणकाम,
पण सुया दारावरच्या शिपायानं काढून घेतल्या
आणि लोकरीचा गुंडा तेवढा परत दिला.

शेजारी अठ्ठावीस नंबर, गॅरेजवाला ऑर्विल,
हळूच म्हणाला, "मी पाठ दुखते म्हणून सांगणार.
मागच्या खेपेला चाललं होतं."
पलीकडच्या पोरीचं बाळ अंगावर पितं.
प्रत्येकाजवळ काहीतरी होतं, घडी घालून खिशात आणलेलं.
माझ्याजवळ नव्हतं. मला राहायचं होतं.
खरंच सांगते, त्या बारा खुर्च्यांतली एक मला हवी होती.
तीस वर्षं मी पोरांना विचारत आलेय, "अजून बटाटा वाढू?"
एकदा कुणी मला विचारावं,
तुम्हाला काय वाटतं.

आरोपी असेल बाविशीचा.
कुणाच्या तरी घरात शिरला म्हणे, दिवसाढवळ्या.
कोट उसना, खांद्यांवरून ओघळणारा.
टायची गाठ मात्र नेटकी,
दुसऱ्या कुणी समोर उभं राहून बांधली
की बसते तशी.
ती बांधणारी मागच्या बाकावर होती.
ओळखायला काही लागत नाही.

वकीलबाईंनी सगळ्यांना मिळून विचारलं,
"तुमच्यापैकी कुणाकडे कधी चोरी झालीय?"
चार हात वर गेले.
पाचवा माझा निघाला, मला न विचारता.

कधी? अकरा वर्षं झाली.
काय गेलं? आईचे चांदीचे चमचे, नवऱ्याच्या होडीचं इंजिन,
पिठाच्या डब्यातले सातशे डॉलर.
तक्रार केलीत? नाही.
चोर सापडला?

खाली धक्क्याकडे खनिजाचं जहाज येत होतं.
पूल उचलायचा भोंगा झाला,
तो संपेपर्यंत सगळे थांबले, न्यायाधीशसुद्धा.
मग मी म्हणाले, "सापडायला तो पळालाच कुठे होता?
रात्री जेवायला घरीच होता.
लेलंड. माझा मुलगा.
मीच वाढलं त्याला."

नवरा हे न कळता गेला.
चर्चमध्ये मी कधी बोलले नाही.
बहिणीला सांगितलं होतं, मागच्या खिडकीची कडी बिघडलेली होती.
आणि आता एक अनोळखी बाई
ते खाली मान घालून टाइप करत होती,
माझ्या बोलण्याच्या बरोबरीनं,
कुठेही न अडखळता.

"तरीही तुम्ही निःपक्ष राहू शकाल?" न्यायाधीशांनी विचारलं.
राहीन, असं म्हणता आलं असतं.
मी त्या गाठीकडे पाहिलं.
"मी चुकेन," म्हणाले,
"पण कुठल्या बाजूला, ते मला सांगता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"आभारी आहोत, मिसेस लिंडक्विस्ट. तुम्ही मोकळ्या आहात."

मन मोकळं केलं,
त्याच पावली मला मोकळं केलं.
एवढं सोपं असतं
तर अकरा वर्षं कशाला लागली?

ऑर्विलची पाठ कुणी मनावर घेतली नाही. तो राहिला.
खिडकीवरच्या मुलानं नंबर सोलून घेतला,
येण्याजाण्याचे मैल विचारले, सुया परत दिल्या.
बाहेर पाण्याच्या नळाशी ती मागच्या बाकावरची बाई होती.
तिनं माझ्यासाठी दार धरलं.
आम्ही दोघी "थँक यू" म्हणालो, एकदमच,
आणि कुणी कुणाला म्हटलं ते कळलं नाही.

निकाल काय लागला मला माहीत नाही.
त्या आठवड्यात मी पेपर उघडला नाही.
लेलंड फार्गोला ट्रक चालवतो, नाताळला फोन करतो.
नाताळला अजून महिना होता.

घरी आले. कोट न काढताच मागच्या खिडकीशी गेले.
कडी वर केली, खाली केली.
चांगली बसते.
कधी बिघडलीच नव्हती.