विरजण

ज्या दिवशी कंपनीने नऊशे जणांना एकाच निरोपाने घरी पाठवलं
त्या दिवशी कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप होतं.
गुरुवार. आमच्या औलूत गुरुवारी वाटाण्याचंच असतं.
नऊशेंसाठी शिजवलं होतं,
सत्तर वाट्या उठल्या.

बाहेर दुपारी दोनलाच अंधार.
लोक गाड्यांत बसून राहिले,
इंजिन चालू, काचांवर वाफ,
जायचं कुठे ते ठरेना.

मी पळी धरणारी बाई. मला ॲन्टेना कळत नाही.
पण कोण कोणाच्या टेबलावर बसतं
ते मला पंधरा वर्षं तोंडपाठ:
तुइरे, कागदी रुमालावर सर्किट काढणारी;
क्योस्ती, ज्याला दूध पचत नाही आणि वादाशिवाय जेवण जात नाही;
आउलिस, दोनदा सूप घेणारा.

इमारत गेली, पगार गेला,
टेबलं तेवढी मोडली नाहीत.
ती आधी माझ्या स्वयंपाकघरात आली,
मग पुलापलीकडे डांबराच्या जुन्या वखारीत,
जिचं भाडं कोणी मागत नव्हतं
कारण तिथे नुसता वास राहत होता.

विद्यापीठाने मोजमापाची खोली रात्रीची उघडी ठेवली.
किल्ली कोणाकडे, हे कोणी विचारलं नाही.
बेकारांच्या कचेरीतली बाई म्हणाली,
फॉर्म मी भरते, तुम्ही काम करा.
सोल्डरची तार, वकील, जुना ऑसिलोस्कोप, उन्हाळी टायर,
सगळं उसनं फिरत होतं
मिठासारखं.

तुइरेने एक डबडं बनवलं, साबणाच्या वडीएवढं.
समुद्र गोठला की त्यात पुरायचं;
बेटाकडचा रस्ता गाडी पेलेल का, ते सांगायचं.
पहिलं डबडं खोटं बोललं.
दूधवाल्या एर्क्कीची गाडी पुढच्या चाकांपर्यंत आत गेली.
एर्क्की भिजून, शिव्या घालत, चालत वखारीत आला
आणि म्हणाला,
दुसरं कधी देतेस?

आउलिसचं मात्र बुडालं. पूर्ण. सासूचे पैसेसुद्धा.
शुक्रवारी त्याने दारावरची पाटी उतरवली.
सोमवारी तीन टेबलांनी विचारलं:
येतोस? पगार बेताचा आहे.
कुठे चुकलास तेवढं आधी सांग.
त्याच्या चुकीची किंमत गावाने एकदाच मोजली.

सगळ्यांना हे लाभलं नाही.
मार्त्ती अजून घरात, पडदे ओढून.
गुरुवारी मी त्याच्या दारात डबा ठेवते.
शुक्रवारी धुतलेला मिळतो.
बाकी काही नाही.

आता बाहेरदेशांतून माणसं येतात,
पातळ तळव्यांच्या बुटांत, बर्फावर घसरत.
जमीन किती दिलीत? कर किती माफ केलात?
आम्हालाही असं गाव उभं करायचंय, तीन वर्षांत.

मी त्यांना वीली वाढते, आमचं तार सुटणारं दही.
वा, म्हणतात, कृती द्या.

कृती कसली?
दूध काय, सगळीकडे मिळतं.
वाटीच्या तळाशी कालचा एक चमचा ठेवावा लागतो,
भूक असताना.
माझा सासूकडून आला, सासूचा शेजारणीकडून,
आणि ती शेजारीण युद्धात सरहद्दीपलीकडचं घर सोडताना
दह्यात रुमाल बुडवून, वाळवून,
पोलक्यात खुपसून निघाली होती.
भांडी तिथेच राहिली. गायही.

दुभाष्याने याचं काय केलं कोण जाणे,
पाहुण्यांनी मान हलवली आणि टिपून घेतलं: दही.

बस सुरू झाली तरी एक मुलगी मागे रेंगाळली.
कुठल्याशा उष्ण देशातली, दोन कोट एकावर एक.
चमचा वाटीत फिरवत म्हणाली,
आमच्याकडेही एक कारखाना बंद पडलाय.
तिथली माणसं अजून संध्याकाळी
फाटकापाशी चहाला जमतात.

मी तिच्याकडे नीट पाहिलं.
हात पुसले.
म्हटलं,
रुमाल आहे का तुझ्याकडे?