नाममात्र

जामीन मंजूर होऊन आज एकेचाळीस दिवस झाले.
हुकूम मीच टाइप केला होता.
त्या दुपारी वीज गेलेली, जुनं यंत्र बाहेर काढलेलं,
बोटांना कार्बनची निळाई,
आणि साहेबांना तीनची फेरीबोट गाठायची होती.

तेव्हापासून येबू कालोन येते,
टोम्बोच्या किनाऱ्यावरून, पहाटेच्या पोडा-पोडा गाडीनं,
गुडघ्यांत टोपली धरून.
तिच्या लुगड्याला, केसांना, नोटांनासुद्धा
भाजलेल्या बोंगा मासळीचा धूर.
ती बाकावर टेकली की शेजारचा वकील
हातातली फाइल वाचत वाचत दूर सरकतो.

तिचा नवरा बोकारी.
एका होडीचं इंजिन रात्रीतून गेलं
आणि बोटमालकानं बोट दाखवलं, इतकंच.
साहेब म्हणाले, पुरावा दिसत नाही, सोडा.
सोडा म्हणायला एक श्वास लागतो.
पुढचं माझ्या खिडकीवर.

पहिल्या खेपेला मी सांगितलं, अर्जाला तिकीट लागेल.
मग हुकमाची नक्कल, पानागणिक.
मग शिक्का, आणि शिक्का मारल्याची नोंद,
आणि ती नोंद डोंगराखालच्या तुरुंगात पोचवणाऱ्या शिपायाचं पेट्रोल,
जे कुठल्याच नियमात नाही
पण ज्यावाचून कागद टेबलावरून उठत नाही.
दर वेळी मी म्हटलं, 'नाममात्र आहे, बाई.'
हा आमच्या खात्याचा लाडका शब्द.
भिंतीवरच्या तक्त्यात छापलेला, खाली सरकारी मोहोर.

तिनं एकदा विचारलं, नाममात्र म्हणजे किती टोपल्या?
मला हसू आलं. मग हिशेब केला
आणि हसू गेलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ती अकरा वेळा चढली.
शहाणी होती म्हणूनच नवव्या वेळेपासून
जेवणाचा डबा आणू लागली.

परवा तुरुंगातून कागद परत आला.
शेरा : नाव जुळत नाही.
वॉरंटावर कालोनमध्ये दोन एल,
हुकमावर एक.
म्हणजे आत आहे तो दोन एलचा बोकारी,
आणि सुटका झालीय एक एलच्या बोकारीची.
तो मात्र एकेचाळीस दिवस मोकळा आहे.
रात्री मला दिसतो,
वाळूत पाय पसरून जाळं सांधतो,
धाकटीला खांद्यावर घेतो,
भातावर पाम तेलाची आमटी ओतून घेतो आणि म्हणतो,
आज मीठ कमी आहे गं.

दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, मी तिला म्हटलं.
त्याचीही फी आहे.
चूक कोणाची, हे तक्त्यात विचारत नाहीत.
मीही सांगितलं नाही.
घसा खाकरला आणि पंख्याकडे पाहिलं.

'कुठलं अक्षर?' तिनं विचारलं.
'मला दाखवा.'
तिला वाचता येत नाही.
मी चिटोऱ्यावर काढून दाखवलं,
वरून खाली, एक उभी रेघ.

'एवढंच?
अशी काडी तर मी रोज
पन्नास माशांच्या गालांतून ओवते.'

मग तिनं गाठ सोडली.
ओल्या नोटा एकेक करून काचेखालून सरकवल्या,
शेवटची फाटकी होती, तिला चिकटपट्टी लावलेली.
मी पावती लिहायला घेतली.
नाव तीनदा तपासलं.
दोन्ही काड्या इतक्या सरळ काढल्या
की इतकी वर्षं नोकरी करून
असं अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

पावती तिनं घेतली.
मग तो चिटोराही उचलला,
माझी रेघ असलेला,
उजेडाकडे धरून पाहिला, घडी घातली,
गाठीत बांधायला गेली
आणि थांबली.

'आणि ह्याचे किती?'