मागचं डावं

संगम पुलावर, चाळीसला, तो आवाज यायचा:
आधी लांबच्या गिरणीसारखा,
मग सीटखालून, मग माझ्या दातांतून.
उजवीकडे वळलं की वाढायचा,
डावीकडे वळलं की गप्प.
चौऱ्याऐंशीची पद्मिनी, मागचं डावं चाक,
चौदा महिन्यांत तिसरं बेअरिंग.

पहिल्या वेळी इलाही मोमीन म्हणाले, वय झालं.
कोणाचं, ते मी विचारलं नाही.
दुसऱ्या वेळी ठपका नाना पेठेवर, माल डुप्लिकेट.
पोरवालांनी शपथ घेतली नाही,
पावती दाखवली; पुण्यात तिचं वजन जास्त.
मग ऑइल सील बदललं,
केसिंगचं श्वास घ्यायचं भोक चिखलानं बुजलेलं, ते उघडलं,
कॉलर तापवून बसवली. हातोडी नाही, प्रेस.
मी शेजारी उभी राहून पाहिलं.
चार महिने बरे गेले.
मग बंड गार्डनजवळ परत ती गिरणी.

तिसरं मात्र भंगारात टाकू दिलं नाही.
इलाहींनी बाहेरची कडी ग्राइंडरनं कापली,
रॉकेलात धुतली, उन्हात धरली.
"हे बघा ताई, गोळ्यांची वाट."
मधोमध धावायला हवा तो चकचकीत पट्टा
एका काठावरून दुसऱ्या काठाला निघालेला,
तिरका, घाईत केलेल्या सहीसारखा.
"बेअरिंग चांगलंच होतं. वाकड्यात बसलंय."
"कोणी बसवलं?"
"मी नाही," ते म्हणाले, आणि लगेच,
"बघू."

शाफ्ट खुडेंच्या लेथवर फिरला.
डायलचा काटा जेमतेम थरथरला. सरळ.
मग अख्खं केसिंग उतरवलं, खरवडलं,
आणि डाव्या नळीवर, पाट्याच्या बैठकीशी,
रंगाच्या तीन थरांखाली
वेल्डिंगचा एक जाड, ओबडधोबड टाका.
तिथून पुढे नळी दीड मिलिमीटर वाकलेली.
दीड.
लोखंड निवताना ओढून घेतं, खुडे म्हणाले,
टाका ज्या अंगाला, त्या अंगाला.

तो टाका मी पाहिलेला आहे.
आमची बाइंडरी होती. अण्णा उजवीकडे बसत,
म्हणून कागदाची रिमं डावीकडे, तोल राहावा.
हिशेब अण्णांचा, भार पाट्याचा.
एक्क्याण्णवचा मे, शाळेच्या वह्यांचा हंगाम,
हडपसरच्या पुढे पाटा मोडला, बैठक उखडली.
ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा एक जण
रात्री साडेदहाला कंदील घेऊन गाडीखाली शिरला.
मी अकरा वर्षांची, उतरवलेल्या रिमांवर बसलेली.
ठिणग्यांकडे बघू नकोस म्हणाले, म्हणून बघितल्या.
तो पंचवीस मागत होता,
अण्णांनी वीस दिले आणि गाडी सुरू केली.

घरी येऊन त्यांच्या खर्चाच्या वह्या काढल्या.
ब्याण्णव: मागील डावे बेअरिंग.
त्र्याण्णव: मागील डावे बेअरिंग, ग्रीस.
चौऱ्याण्णवला दोनदा.
पंचांग, दिवाळीचं उटणं, फंड, आणि त्याच ओळीत,
त्याच निळ्या शाईत, मागील डावे बेअरिंग.
एकोणीस नोंदी मोजल्या.
प्रत्येकीपुढे आकडा आहे,
एकीपुढेही प्रश्नचिन्ह नाही.
रोज येरवड्याला जाऊन मी फक्त
वर्षाचं दुखणं चार-पाच महिन्यांवर आणलं होतं.

जुन्या बाजारात एका मेलेल्या टॅक्सीचं केसिंग मिळालं.
खुडेंनी आधी ते डायलखाली धरलं, मगच पैसे दिले.
काल संगम पुलावर, चाळीसला,
इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली.
पन्नासला डॅशबोर्डच्या कप्प्यात काहीतरी खुळखुळतं,
ते अजून उघडलेलं नाही.

रात्री शेवटच्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं:
केसिंग, जुना बाजार, अठ्ठावीसशे.
लेथ, चारशे.
इलाहीभाई घेत नव्हते, बळंच दिले, दोन हजार.
वेल्डरचे पाच, बाकी.
नाव माहीत नाही.