एकदाच

पहाटेचे अडीच. सोहार.
खारं पाणी गोडं करायचा कारखाना
आणि खोलीभर थंडी, यंत्रांसाठी.

सर्व्हर बोलत होता. एकच वाक्य.
‘हा प्रोग्राम जुन्या रीतीने सॉकेट उघडतो आहे,
ही रीत आता मोडीत निघाली.’
सेकंदाला चाळीस वेळा.
तासाला एक लाख चव्वेचाळीस हजार,
मी गुणाकार केला, कारण दुसरं काही सुचेना.

कर्नलच्या पोटात कुणीतरी
चांगल्या मनाने लिहून ठेवलेली ताकीद.
नाव घेऊन सांगायची.
नाव होतं कुरियाकोसच्या प्रोग्रामचं.
मीटर वाचतो, आकडा पाठवतो, पुन्हा वाचतो.
अकरा वर्षं.
कुरियाकोस कोट्टयमला परतला,
मूळ कोड कुठल्या लॅपटॉपवर राहिला कुणास ठाऊक.
आता कानीकपाळी ओरडायचं ते कुणाच्या?

(माझ्याही फोनवर रोज येतो
रहिवासी कार्ड संपत आल्याचा मेसेज.
अंगठ्याने बाजूला सारते.)

मग सालिम अल-बलूशीचा फोन:
मॅडम, पाणी खेचत नाहीये. जेलीफिश.
जाळीवर थर बसलाय हातभर.
तुमच्या स्क्रीनवर काही आलं नाही?

आलं होतं.
दोन वाजून अकरा मिनिटांनी, एक ओळ:
समुद्राकडच्या पंपाची तार तुटली.
खाली-वर तेच, तेच, तेच.
बरं, कर्नलचं टिपण गोल असतं,
नवं लिहायला जुनं खातं.
ती ओळ कधीच खाल्ली गेली होती,
डिस्कवरच्या प्रतीत सापडली
तेव्हा चार वाजून गेले होते.

साहेब म्हणाले, म्यूट करून टाक.
नाही केलं.
ताकीद खरी आहे. एक दिवस ती रीत काढतील
आणि मीटर आंधळे होतील, कुणी सांगितलं नव्हतं म्हणत.

एक खूण ठेवली फक्त: सांगून झालं?
नसेल तर सांग, आणि खूण कर.
तीन ओळी.
मग खोडल्या.
एकदाच, म्हणजे कुणाला एकदाच?
पहिल्याचं नाव घेऊन गप्प बसलं
तर दुसरा जुनाट तसाच सुटणार.
पुन्हा लिहिलं. प्रत्येक नावाला एक खूण.
नऊ ओळी झाल्या. चालेल.

मशीन उठलं पाच वाजून सात मिनिटांनी.
वाक्य आलं.
मी वाट पाहिली. दुसरं आलं नाही.
कुरियाकोसचा प्रोग्राम मात्र
त्याच जुन्या रीतीने वाचत होता मीटर,
एकही आकडा न चुकता.

सालिम आत आला, गुडघ्यापर्यंत चिकट,
अंगाला समुद्राचा आणि सडक्या कशाचा तरी वास.
काळ्या स्क्रीनकडे बघून दचकलाच.
बंद पडलं?

नाही, म्हटलं.
सांगून झालंय त्याचं.